पदरचे तास

शहर म्हणतं: आम्ही देतो तेवढंच
तुम्हीही घाला पदरचं.
पैसा नसला तर तास चालतील.
तासाचा दर ठरलेला आहे,
रकाना क्रमांक नऊ.

सिएटलच्या दक्षिणेला, टायरच्या दुकानामागे
आमची खोली. पूर्वी इथे कुणीतरी माशांची जाळी ठेवायचं,
दमट दिवशी अजून वास सुटतो.
बारा लॅपटॉप. नऊ धडधाकट,
दोन लहरी,
एक चार्जरला धरून जगणारा.

लेतेब्रहान बाईंनी तीन आठवडे माउस धरला
तो चिमणीचं पिल्लू धरावं तसा.
चेंगरेल म्हणून दाबलाच नाही.
चौथ्या आठवड्यात दाबला
आणि दवाखान्याची मंगळवारची वेळ
गुरुवारवर नेली.
गुरुवारी काय होतं? काही नाही.
"बदलता येते का ते पाहिलं," म्हणाल्या.
हे मी 'निष्पत्ती' या सदरात लिहिलं आहे.
कृपया हसू नये.

वुथी रात्री साडेनऊला येतो,
दिवसभर शाळेची बस चालवून.
दानात आलेली यंत्रं उघडतो,
पंख्यातली धूळ दाढीच्या जुन्या ब्रशने काढतो,
कुणाचे विसरलेले फोटो
पुसण्याआधी एकदा सगळे बघतो.
नोव्हेंबरपासून, आठवड्याला तीन रात्री.
त्याचे दीडशे तास धरले
की नववा रकाना काठोकाठ.

मी तक्ता पुढे केला.
कधी आलास, कधी गेलास, इथे सही.
त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.
म्हणाला, आईचे तास मोजायचे.
ती खाचरात, बांधावर एक पोरगा,
त्याच्या एका हातात वही.
वहीत कमी भरले की रात्रीची पेज पातळ.
मी येत राहीन.
लिहू नकोस.

माझ्या भाषेत तास म्हणजे
नांगराने जमिनीत ओढलेली रेघसुद्धा.
हे त्याला सांगावंसं वाटलं,
नाही सांगितलं.
दुसऱ्याच्या चिखलात
आपला शब्द धुऊन घेऊ नये.

तर, निधी अधिकारी महोदया,
दीडशे तास कमी.

गोष्ट कशी फुटली कोण जाणे.
शुक्रवारी लेतेब्रहान बाई शेगडी घेऊन आल्या, नेहमीसारख्या,
हिरवे दाणे भाजले, धुराचा भोंगा ओरडला,
सिफाने खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत बसली.
त्यांची कॉफी तीनदा उकळते.
तिसऱ्या पेल्याआधी उठणं हा अपमान,
म्हणून आमच्या वर्गातून कधी कुणी
मधेच उठून जात नाही.
"दर शुक्रवारी अडीच तास," बाई म्हणाल्या,
"माझे लिही."
मी म्हणाले, कॉफी तंत्रज्ञानात बसत नाही.
"कॉफीविना या बायका बसल्या असत्या का?
लिही. पूर्ण नाव लिही.
मला अजून कुणी मोजलेलं नाही."

मग सिफानेने तिचे सांगितले,
बस येईपर्यंत म्हाताऱ्यांना ओरोमोत
पासवर्ड समजावण्यात गेलेले.
टायरवाला फालेओलो,
ज्याच्या छपरावरून आमची इंटरनेटची तार येते,
म्हणाला, वाऱ्यात तार सुटली की मी चढतो,
चढण्याचे धर, उतरण्याचे सोड.

सगळे धरले.
वुथीचा एकही नाही.
तो रात्री आला, धुराचा वास घेतला,
बशीने झाकून ठेवलेला तिसरा पेला
गार झालेला, उभ्यानेच प्यायला
आणि त्या चार्जरवाल्या लॅपटॉपचं पोट उघडलं.

रकाना क्रमांक नऊ: अकरा तास कमी.
कारण, पन्नास शब्दांच्या आत:
साडेनऊनंतर खोलीत दिवा होता.
कोणी लावला ते आम्हाला माहीत आहे.